वरचं बटण

३ मार्च
लेस्टरला लेकीकडे, देवयानीकडे, येऊन आठवडा झाला आणि हाताला कामही लागलं. बेलग्रेव्ह रोडवर अनयचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे, त्याला फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, टाकणारा माणूस हवा होता. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर मी हे व्हिडिओ बघून, स्वतःचे चार फोन कायमचे बिघडवून शिकलो. देवयानीने डब्यात थालीपीठ दिलं, वर म्हणाली, बाबा, पहिल्याच दिवशी अनयला शिकवायला जाऊ नका.

कुलूपबंद फोन बाहेरचं फर्मवेअर उंबऱ्याच्या आत घेत नाही. बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायचं तर फोन आधी विचारतो, सगळं पुसलं जाईल, चालेल? आवाजाचं वरचं बटण दाबलं की होय.

७ मार्च
रेखाताई, हॉस्पिटलातल्या नर्स. आईचे फोटो दुसरीकडे ठेवलेत ना, दोनदा विचारलं. ठेवलेत म्हणाल्या, मग बटण दाबलं. फोन न्यायला आल्या तेव्हा सहज आईची चौकशी केली, तर हसून म्हणाल्या, मला कुठली आई? असते एकेकाची थट्टा.

११ मार्च
अंशुमन लेकीला कडेवर घेऊन आला होता. फोनभर तिचे फोटो. मी बटण दाबलं. त्याने तिला काउंटरवर बसवलं, ही कुणाची म्हणून विचारलं, आणि निघून गेला. पोर डॅडी डॅडी करत राहिली. शेवटी आई येऊन घेऊन गेली.

अनय चहात बिस्किट बुडवत होता. "काका, फोन रिकामा झाला की माणूसही होतो. आपल्याला काय त्याचं?"

त्याला ठाऊक होतं. यापुढे मी हात लावणार नाही, सांगून टाकलं.

१२ मार्च
जेवून आलो तर माझ्या ट्रेमध्ये एक फोन, कव्हर काढलेला. अनय म्हणाला, विकायला आलाय, मालक कुणी नाही. आईची शपथ घेतली. मी भोळा सांब —

दाबलं. मग त्याने खणातून कव्हर काढून पुढे ठेवलं. देवयानीचं. मी जेवायला गेलो तेव्हा फोन दुरुस्तीला देऊन गेली होती.

"आता नाही म्हणून दाखवा, काका."

१२ मार्च, पाच वाजता
घरी धावलो. दाराची साखळी तिने काढलीच नाही. मी बाबा, म्हटलं. कोण हवंय, म्हणाली. तिच्या आईचं नाव सांगितलं, कांजिण्यांचे व्रण सांगितले — पोलिसांना फोन करते म्हणाली. "अहो, प्लीज, जा ना."

मला घाबरली. माझी —

१३ मार्च
दुकानात. अनयने आपणहून केबल दिली. माझ्या फोनमध्ये ती जन्मल्यापासूनची आहे. पडदा विचारतोय. दुखायचं तरी थांबेल — कुणी वाचलं तर मला सांगा — डावा अंगठा बटणावर — दाबलं. देवयानी म्हणजे माझी