फुकट म्हणजे फुकट

नाशिक, शुक्रवार संध्याकाळ, २००४

आज मी भलतीच खुश आहे! यांच्या क्रेडिट कार्डावर दर महिन्याला कुठल्याशा परदेशी कंपनीचे पैसे लागत होते. आज खोदून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "तसली साइट होती गं. फुकट लिहिलं होतं. वय तपासायला म्हणून कार्डाचा नंबर मागितला." वर म्हणे, गुपचूप भरून टाकू, उगाच शोभा व्हायला नको.

का भरायचं? फुकट लिहिलं होतं ना? मी सरळ बँकेला फोन लावला. यांनी नाव, जन्मतारीख सांगितली आणि घाम पुसत रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मॅडम, साइट कसली होती?" पलीकडच्या माणसाने चाचरत विचारलं.

"नागड्या बायकांची," मी म्हणाले. "आणि फुकट. मग पैसे कशाचे?"

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग म्हणाला, "तक्रार नोंदवली, मॅडम. पैसे परत जमा होतील, कार्डही बदलून देतो. साइट कसली असं विचारलं की लोक फोनच ठेवून देतात."

मी नाही ठेवला! यांच्यावर राग आहेच, तो उद्या काढीन. पण सासूबाई पलीकडच्या खोलीत असताना इतक्या मोठ्याने मी या घरात आज पहिल्यांदाच बोलले.