मऊ ब्रेक आणि आखाजीचा मुराळी

तीर्थरूप सुकदेवभाऊस, जळगावहून दिपमालाचा नमस्कार.

"गाडी चालाडता कोनलेबी येस बाई, थांबाडता येवाले पाहिजे," असं तू मला सोनगीरच्या किल्ल्याखालच्या उतारावर सायकल शिकवताना म्हणाला होतास. सध्या ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की तेच आठवतं. तुझी तब्येत कशी आहे? फोनवर तू "बरं शे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र. सूनबाई पुनम वाचून दाखवेल. (पुनम, कंसातलंही वाच, गाळू नको.)

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू मुराळी होऊन मला माहेरी न्यायला यायचास. गेल्या साली आला नाहीस. तू म्हणालास गुडघा, पुनम म्हणाली डोळे. म्हणून यंदा मीच गाडी चालवत येणार, असं मी जाहीर केलं. तुझे मेहुणे म्हणाले, आधी पुढचे ब्रेक बदलू. मेकॅनिककडे ते जात नाहीत. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला की त्यांना कुठलंही काम येतं. (आमचा गिझर आठव.) नवे पॅड आले, ते चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या कॅलिपरची जोडी आली. दुकानदाराने एकावर खडूने 'डा' आणि दुसऱ्यावर 'उ' लिहून दिलं होतं. पण पूजेशिवाय नवी वस्तू गाडीला लागली तर ते आमचं घर कसलं! सासूबाईंनी दोन्ही कॅलिपर पाटावर मांडले, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि लेकाचे हात खराब होऊ नयेत म्हणून ओल्या फडक्याने लख्ख पुसूनही दिले. डावं-उजवं देवावर सोपवून ह्यांनी ते बसवले.

मग पेडल थेट तळाला जाऊ लागलं. पायाखाली पिकलेलं केळं असावं तसं. गल्लीत चाचणी घेतली तेव्हा गाडी हँडब्रेकने थांबली खरी, पण शेजारच्या चुडामणकाकांच्या खाटेला टेकून. खाटेवर काकूंचे बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत होते. उरलेले आमच्या बॉनेटवर वाळले.

पाइपात हवा अडकली आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ती काढायला एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन कॅलिपरचा हवा सोडायचा निपल सैल करायचा. चाकापाशी हे, मार्गदर्शनाला अर्धी गल्ली आणि पेडलवर मी. "दाब! धर! सोड!" (लग्न झाल्यापासून इतक्या लक्षपूर्वक ते माझ्याशी प्रथमच बोलत होते.) ब्रेक ऑइल संपलं, हवा संपेना. मग चुडामणकाकांनी निदान केलं, "सूनबाईना पाय हलका शे." ते सगळ्यांना पटलं. मला उठवून ह्यांचे वजनदार मित्र तोताराम यांना बसवलं. पेडल मऊच. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली.

माझ्या पायाला आता काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी काकांच्या गाडीच्या चाकाआड वाकून पाहिलं. गाडी अगदी आमच्यासारखीच, पण तिचा निपल वरच्या अंगाला. आमचा खाली. कुकरची शिट्टी झाकणावर असते, बुडाला नसते, एवढं मला ठाऊक आहे. हवा वर जमणार आणि आपण ती खालून काढतोय, असं मी म्हटलं. डाव्याचं उजवीकडे तर नाही ना लागलं? मग तोताराम म्हणाले, "तेच तर मी मघापासून सांगतोय."

अदलाबदल झाली, बुडबुडे बाहेर आले, पेडल टणक झालं. सासूबाई श्रेय लिंबाला देतात. हे स्वतः व्हिडिओ बनवणार आहेत. मी रोज पारोळा रस्त्यावर जाऊन थांबून बघते. गाडी थांबते, भाऊ.

तुझी,
दिपमाला

ता. क. काकूंना द्यायला पुनमने थोडे बिबडे बांधून ठेवावेत.

आणखी एक ता. क. (पुनम, हे मोठ्याने वाच.) भाऊ, मी राहायला येत नाही, तुला न्यायला येते आहे. यंदा मुराळी मी. मोतीबिंदूसाठी इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू नको म्हणशील, मला माहीत आहे. चहा कपाबाहेर ओतूनही तू "बरं शे"च म्हणतोस. गाडीला ब्रेक नाही, हे कारण मात्र आता चालणार नाही. खुशाल "नको" म्हण. फक्त ओट्यावरून म्हणू नकोस. माझ्या शेजारच्या सीटवर बस, दार लावून घे आणि मग म्हण.