जमुनानं सोडलेलं संत्र

शेंदूरजनाघाट
१२ ऑक्टोबर २०२५

केशरताई,

तुझ्या धाकट्या गोवर्धनचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. इकडं संत्र्याचा आंब्या बहार चांगला आहे, फळाले रंग चढून राहिला. पोरगा, विपुल, बाग नीट पाहते.

फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोनवर चार शब्दांत मले दम लागते, अन् जमुना बाजूलेच बसून असते. बायको आहे का पोलीस, काही समजत नाही.

बिड्या सुटल्या ताई, खरंच सुटल्या. ऑपरेशनसाठी सोडाव्याच लागतात. नागपूरच्या डॉक्टरनं समजावलं होतं, फुफ्फुसाचा फुगून निकामी झालेला भाग कापला तर उरलेल्याले जागा मिळते, श्वास सुधारतो. मी म्हटलं, म्हणजे आमी झाडाच्या वाळक्या फांद्या छाटतो तसंच ना? डॉक्टर हसला. त्या दिवशी मले लई धीर आला.

तेव्हाच जमुनानं देवापुढं संत्र सोडलं. ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत तोंडात घालणार नाही म्हणे. बागेत राहून!

मागच्या आठवड्यात विपुलले गाडी लावायले पाठवलं अन् मी एकटाच आत गेलो. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला. रोग एका भागात नाही, सगळीकडं सारखाच पसरला. कापावं तरी कोणतं? फायदा काहीच नाही, उलट टेबलावरच जीव जाईल, म्हणे. आता औषधं अन् ऑक्सिजन, चालेल तेवढे दिवस. वाळकी फांदी असती तर छाटली असती, ताई.

घरी सांगितलं, ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतर. खोटं बोललो. आता जमुना रोज सकाळी ऑपरेशनच्या तयारीसाठी आणलेलं ते तीन चेंडूंचं यंत्र माझ्या हातात देते. नळीतून श्वास ओढला की चेंडू वर चढतात. एक जरी चढला तरी बाई टाळ्या वाजवते. मले रडू येते, अन् तिले वाटते दम लागला.

मरणाले भेत नाही, असं लिहिणार होतो. भेतो. पण जमुनाले सांगायची त्याहून भीती वाटते. तुझं ती ऐकते. बहार तुटायच्या आत ये. तिले खरं ते सांग, अन् आपल्या झाडाचं एक संत्र सोलून तिच्या तोंडात घाल. मी गेल्यावर ती कधीच खाणार नाही. मले तिले खाताना पाहायचं आहे.

लवकर ये.

तुझा
गोवर्धन