तीनशे पासष्ट चौकोन

१ जानेवारी
केली सुरुवात! रोज एक चित्र, वर्षभर. पांढरं सुती कापड, त्यावर पेन्सिलीने तीनशे पासष्ट चौकोन — आखता आखताच कंबर धरली. त्या त्या दिवशी जे घडेल त्याचंच चित्र भरायचं. आज माझी शाळेची पिवळी बस. चाकं साखळी टाक्याची. एक चाक अंड्यासारखं झालंय. असू दे, चालवणारी पक्की आहे!
नवरा म्हणाला, "पंधरा दिवस टिकलीस तर मिशी उतरवीन."
बघच तू.

४ जानेवारी
सासूबाईंकडून गाठीचा टाका शिकले. बत्तीस वर्षं शिवणवर्ग चालवलाय त्यांनी, त्यामुळे कौतुक औषधालासुद्धा नाही. "दोरा ओढतेस की ब्रेक दाबतेस?" म्हणाल्या. तिसऱ्या गाठीला मात्र नुसतंच "हं". त्यांचं "हं" म्हणजे पैकीच्या पैकी.

९ जानेवारी
अवकाळी पाऊस, म्हणून छत्री. दहा मिनिटांत उरकली. हात बसलाय.

१६ जानेवारी
पंधरा दिवस कालच झाले! आज सकाळी नवरा गुपचूप आरशासमोर. बाहेर आला तर मी ओळखलंच नाही — वरचा ओठ केवढा मोठा! आजच्या चौकोनात काळ्या दोऱ्याची मिशी. ती तरी जपून ठेवू.

२४ जानेवारी
शाळेच्या फाटकाला बस घासली. डावा आरसा गेला. सतरा वर्षांत पहिला ओरखडा!
पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काकू, परत!"
रखवालदाराला म्हटलं, हा खांब पुढे आलाय. तो एकदा खांबाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. आलाच असणार. नाहीतर माझ्या हातून? शक्यच नाही.
चित्र — फुटका आरसा. रागात टाके झकास बसतात.

२ फेब्रुवारी
सासूबाईंनी कापड टेबलावर पसरलं, चष्मा लावला. चहा गार झाला तरी चौकोन तपासतच होत्या. मग म्हणाल्या, "सुरुवातीची चित्रं मधोमध आहेत. आताची सगळी उजवीकडे सरकलीत. डावीकडे जागा का सोडतेस?"
"कुठे सोडते?"
"ही काय!" त्यांनी बोट ठेवलं. मी मान वळवली, तेव्हा दिसलं. एकेका चौकोनाची डावी बाजू कोरी.
"घाईत झालं असेल, आई."
"घाईचं काम सगळीकडे वाकडं जातं गं. हे एकाच बाजूला जातंय. डोळे दाखवून घे."
चिडले मी. लांबच्या दुकानाची पाटी इथून वाचते, डोळ्यांना काय धाड भरलीय!

३ फेब्रुवारी
आज पट्टीने मोजून मधोमध चित्र काढलं आणि त्यांच्यापुढे नाचवलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. "समोरच्या घड्याळाकडे बघ. मान हलवायची नाही. माझ्या हातात काय आहे?"
"काही नाही."
"आता वळून बघ."
कात्री होती. लाल मुठीची, वीतभर लांब.
मला ते फाटक आठवलं. खांबाच्या जागी एखादं पोर असतं तर?
वाहतूकप्रमुखांना लगेच फोन केला. "उद्यापासून दुसरा चालक बघा."
"अहो, एका आरशासाठी एवढं मनाला लावून घेता?"
"आरशासाठी नाही. मला डावीकडचं दिसत नाहीये."
बोलले आणि सुटल्यासारखं वाटलं. चाव्या संध्याकाळीच नेऊन दिल्या. रडू घरी येऊन आलं.

५ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला — कॉलर ताठ! मग एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, किती थोडे ठिपके! कागद आला तर डावी बाजू जवळजवळ सगळी काळी.
"दोष डोळ्यांत नाही," बाई म्हणाल्या. "डोक्याचा स्कॅन करा. उद्याच."
घरी येऊन चौकोन भरला. मान वळवून वळवून, अगदी डाव्या रेघेला चिकटवून. सासूबाई म्हणाल्या, "हं."

८ फेब्रुवारी
मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे, लिंबाएवढी. साधी वाटतेय, पूर्ण निघेल, असं सर्जन म्हणाले. "इतक्या वेळेवर कोणी येत नाही." मंगळवारी ऑपरेशन.
नवऱ्याने माझा हात धरला तो सोडेचना. मला भलतंच सुचलं. म्हटलं, "मंगळवारचा चौकोन राहणार."
"तो मी भरते," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारचा तुझा तू."