गसच्या दाढा आणि टोस्टचा तुकडा

३ मार्च
गस बारा वर्षांचा झाला. कुत्रा ठणठणीत आहे. तोंडाला थोडा वास येतो, इतकंच. मार्नी म्हणाली, डॅड, थोडा? मला अंगणातच कळलं. पोरीला लहानपणापासून वाढवून सांगायची खोड.

गसची डॉक्टर हॉल्व्हरसन म्हणाली, दाढा सडल्यात, भूल देऊन साफ करू, तासाभराचं काम. मी लगेच हो म्हटलं. गुरुवार ठरला. मी घाबरणाऱ्यातला नाही.

६ मार्च
रद्द. उपाशीपोटी न्यायचं होतं, पण माझ्या टोस्टचा शेवटचा तुकडा सवयीने गसला गेला. पोटात अन्न असलं की भूल देत नाहीत. गसला हायसं वाटलं.

११ मार्च
संकल्प : रोज स्वतः दात घासणार. चिकनच्या चवीची पेस्ट आणली. गसने पेस्ट खाल्ली. मग ब्रश.

२० मार्च
पुन्हा रद्द. पुन्हा टोस्ट. मार्नीने विचारलं, चुकून दिलेल्या तुकड्याला पीनट बटर कसं लागतं? लागतं.

गस रोज पाच वाजता दाराशी जाऊन शेपूट हलवतो. व्हर्नाची लायब्ररीतून घरी यायची वेळ. दोन वर्षं झाली, बायको आता येणार नाही हे कुत्र्याला कोण समजावणार? मी पोर्चचा दिवा लावतो आणि शेजारी उभा राहतो. त्याच्यासाठी.

१ एप्रिल
गसने टोस्ट तोंडात घेतला, कळवळला आणि खाली टाकला. टोस्टला रक्त होतं. मीच दवाखान्यात फोन केला.

२ एप्रिल, सकाळी ८
मार्नीने ब्रेड कपाटात ठेवून कपाटासमोर खुर्ची टाकली. दवाखान्यात फॉर्म दिला. हृदय थांबलं तर प्रयत्न करायचे का? मी 'हो'वर दोनदा खूण केली. व्हर्नाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर मी न वाचताच सही केली होती. तेही तासाभराचंच काम होतं. ऑपरेशनला आत जाताना ती म्हणाली होती, गसला टोस्ट दे.

गस मागे वळून न बघता आत गेला.

दुपारी १२.४०
फोन आला. सात दात काढले, उठलाय, बिस्किटांच्या बरणीकडे बघतोय. मी विचारलं, इतक्या सहज उठतात? डॉक्टर म्हणाली, बहुतेक उठतात.

मी गाडीत बसून रडलो. आनंदाने, असं मार्नीला सांगितलं.

संध्याकाळी ५
गस घरी आला, पण अजून गुंगीत आहे, जागचा हलला नाही. दिवा लावून मी दाराशी उभा राहून आलो.