साध्या पाण्याची बशी

बाई, तुम्ही असता तर माझ्या नाकाकडे बघून आधी हसला असता. या नाकावर मी जन्मभर माशी बसू दिली नाही, आणि त्याच्याच कडेला कॅन्सर येऊन बसला. कातडीचा, हळू वाढणारा, डॉक्टरांच्या भाषेत त्यातल्या त्यात बरा. वर्ध्याला कापून काढला. काल टाके निघाले, रिपोर्टही स्वच्छ आला. नाक थोडं वाकडं दिसतं, पण माझ्या लिखाणाला ते शोभतं असं घरच्यांचं मत आहे.

ऑपरेशनच्या आधीचं सांगते. माझी भाची वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या नळीतून वायू सोडून त्याला वीज दिली की टोकाशी जांभळी ज्योत दिसते. बोट धरलं तरी भाजत नाही, म्हणून तिला थंड प्लाझ्मा म्हणतात. ती ज्योत पाण्यावर धरायची आणि ते पाणी त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींवर घालायचं. मी बघायला गेले. सूक्ष्मदर्शकाखाली एका बशीतल्या पेशी आक्रसून मेलेल्या, शेजारच्या बशीतल्या मजेत वाढलेल्या.

"या दुसरीत काय घातलं?"

"साधं पाणी, तितकंच. ते नसलं तर कशानं मेल्या हे कसं समजन?"

आणि बुवाबाबांच्या तीर्थाची टर उडवत वीस वर्षं सदर लिहून पोट भरणारी मी म्हणाले, "एक बाटली भरून दे ना. नाकाले लावून पाहतो."

"मावशी, हे अजून बशीतल्या पेशींपुरतं हाये. तू का बशी हायेस? गुपचूप ऑपरेशन करून घे."

परतताना एसटीत मला आपली सेलूची शाळा आठवत होती. मी सातवीत आहे. माझ्या दोन्ही हातांवर चामखिळी आहेत, आईनं कुठल्याशा बाबाकडून मंतरलेल्या पाण्याची शिशी आणली आहे, आणि तुम्ही ती वर्गात उजेडाकडे धरून बघता आहात. फेकत नाही. "उजव्या हाताले बाबाचं लावजो, डाव्याले नळाचं. अन् रोज वहीत लिहजो." उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन्ही हात साफ झाले. तुम्ही मला बाकावर उभं केलंत, हात वर करायला लावलेत आणि वर्गाला विचारलंत, "उजव्या हाताच्या बाबानं नेल्या, मंग डाव्याच्या कोणं नेल्या?" वर्ग हसला. त्या हशाची मला जी चटक लागली ती लागलीच. माझं प्रत्येक सदर मी त्या बाकावर उभं राहूनच लिहिलं आहे.

भाचीनं बाटली दिली नाही, बरं केलं. पण तिची ती दुसरी बशी डोळ्यांपुढून हलत नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून आता सांगायला हरकत नाही. डाव्या हाताच्या चामखिळी तशाच राहतील या भीतीनं मी दोन्ही हातांना बाबाचंच पाणी लावत होते, बाई. नळाचं फक्त वहीत होतं.