तीन चांदण्यांचा पाना

गुरुवार, १४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? जिना कमी चढायला सांग त्यांना.

तुझं पुस्तक मिळालं. जुन्या नांगरांचे, पेरणीयंत्रांचे नट फिरवायचे पाने आणि ते बनवणारे कारखाने. छपाई छान, मागचा तुझा फोटोही छान. फक्त आतली माहिती माझी. बावीस वर्षं मी भंगाराच्या ढिगांत हात काळे केले, बंद कारखान्यांचे म्हातारे कामगार गाठून कुठली खूण कुणाची ते लिहून घेतलं. त्या वह्या तू "घराला रंग देताय, तोवर माझ्याकडे राहू देत" म्हणून नेल्यास आणि आयत्या बिळावर नागोबा झालास. परत मागितल्या तर म्हणालास, "अगं, तुला काय करायच्यात आता?"

मी भांडले नाही. त्याचं तुला नवल वाटायला हवं होतं.

मुखपृष्ठावरचा तीन चांदण्यांचा पाना मी केलाय. बाबांच्या पान्यावर मेणाच्या चांदण्या चिकटवल्या, वाळूत त्याचा ठसा घेतला आणि शेजारच्या ओतारीकाकांकडून त्यात लोखंड ओतून घेतलं. जुना, गंजका दिसावा म्हणून वर्षभर तो मीठ घातलेल्या ओल्या राखेत पुरला. मग तुझ्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे टाकून आले. चौथ्या दिवशी तू उचललास.

पण दादा, पाना तेवढा माझा. तो कारखाना, त्याचा मालक, तिथली आग आणि हे सगळं तुला सांगणारा नव्वदीचा कामगार, हे तुझं. बारा पृष्ठं लिहिलीस. मी पोट धरधरून हसले.

लोखंड निवताना आकसतं. पान्यावरून पाना ओतला की नक्कल केसभर लहान होते. एकदा नटावर लावून बघितला असतास तर तेव्हाच कळलं असतं. पण तू पाने भिंतीवर टांगणारा. नट कधी फिरवलास?

रविवारी संग्रहालयात तुझा सत्कार. तिथल्या बाईंना मी सगळं सांगितलंय, बाबांचा अस्सल पाना आणि त्याला बसणारा नांगराचा नटही देऊन आलेय. त्या कार्यक्रम रद्द करत होत्या. मी म्हटलं, छे, होऊ द्या, आणि भाषण झालं की मुखपृष्ठावरच्या पान्यानं हा नट फिरवायला त्यालाच सांगा. आजारी पडायचं असेल तर खुशाल पड, नट तिथेच राहणार आहे.

एक सांगायचं राहिलं. छपाईआधी वहिनींनी कच्ची प्रत शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच धाडली होती. मी आधी शेवटचे आभार उघडले. वहिनी होत्या, छापखानेवाला होता, भंगारवाला होता, तुझा दातांचा डॉक्टरसुद्धा होता. माझं नाव असतं ना दादा, तर त्याच संध्याकाळी फोन करून तुला सगळं सांगितलं असतं. बाबांची शपथ. मी तीनदा वाचलं.

मग त्या बारा पृष्ठांतल्या वेलांट्या नीट केल्या आणि प्रत परत पाठवून दिली.

तुझी सख्खी,
धाकटी बहीण